ध्रुवावरचा बर्फ आणि घोटीचे भात



आपल्या शेती कार्यक्रमात हवामानावर बोलणे झाले, त्यानंतर घोटीच्या बाजारात एका वयस्कर बाबांनी मला गाठले. खांद्यावर उपरणे, हातात बियाण्याची पिशवी. म्हणाले, "साहेब, तुमी रेडिओवर बोल्ले, पार ध्रुवावरचा बर्फ वितळतोय म्हनून. वितळू द्या ना. त्याचं आमच्या भाताला काय? आमच्याकडं तर बर्फ फकस्त रसवंतीवर दिसतो."

आजूबाजूचे लोक हसले. मीही हसलो. पण प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर बाजारात उभ्या उभ्या देता येण्यासारखे नव्हते. म्हणून या पत्रकात सावकाश देत आहे. वाचून झाल्यावर शेजाऱ्यालाही वाचून दाखवावे.

आधी माझीच एक चूक

२०१९ सालची गोष्ट. मी नोकरीत तसा नवीन होतो. त्या वर्षी दसरा ८ ऑक्टोबरला होता. हस्त नक्षत्र सरत आले होते. एका वस्तीवर भात पिकून पिवळे झाले होते. लोकांनी विचारले, "साहेब, सोंगणी करावी का?" मी पंचांगाकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले आणि म्हणालो, "आता पाऊस गेला. सवडीनं करा, दिवाळीपर्यंत उरकलं तरी चालेल."

त्याच वर्षी मोसमी पावसाने देशातून परतायला सुरुवात केली तीच मुळी ९ ऑक्टोबरला. तोपर्यंतच्या नोंदींत इतका उशीर कधी झाला नव्हता. पुढे दिवाळीच्या तोंडावर अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे चक्रीवादळ उठले. ते शमते न शमते तोच 'महा' नावाचे दुसरे आले. महाराष्ट्रभर काढणीला आलेली खरिपाची पिके भिजली. आमच्या त्या वस्तीवर सोंगून पसरलेले भात खाचरात पाण्यात राहिले आणि लोंबीतच दाण्यांना मोड आले. एका माउलीने ओंजळभर मोड आलेले भात माझ्यापुढे धरले. बोलली काहीच नाही. ते भात मला अजून दिसते.

चूक कुठे झाली? मी पंचांग पाहिले, अंदाज पाहिला नाही. पूर्वी ज्या तारखांना पाऊस जायचा, त्याच तारखांना तो जाईल असे धरून चाललो. आता त्या तारखा सरकल्या आहेत. हवामान खात्यानेही हे मान्य केले. वायव्य भारतातून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरीत. २०२० साली ती बदलून १७ सप्टेंबर केली. म्हणजे बाबांनो, पावसाचे वेळापत्रक सरकारी कागदावरसुद्धा बदलले.

ते का बदलले याची अनेक कारणे आहेत. त्यातला एक धागा थेट ध्रुवापर्यंत जातो. तोच आपण धरून पाहू.

दोन ध्रुव : एक समुद्र, एक जमीन

पृथ्वीच्या दोन टोकांना दोन ध्रुव. दोन्हीकडे बर्फ आहे, पण तो सारखा नाही.

उत्तर ध्रुवावर समुद्र आहे आणि त्या समुद्रावर बर्फाची साय धरलेली असते. दुधावर साय धरते तशी. थंडीत ती पसरते, उन्हाळ्यात आकसते. सप्टेंबरमध्ये ती सर्वांत कमी असते. १९७९ पासून उपग्रहावरून तिची सलग मोजणी होत आहे. सुरुवातीच्या वर्षांत सप्टेंबरमध्ये सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. २०१२ साली तो सुमारे ३४ लाखांवर आला. म्हणजे निम्मा.

दक्षिण ध्रुवावर समुद्र नाही, जमीन आहे. अंटार्क्टिका नावाचा खंडच आहे. आपल्या देशाच्या चौपट मोठा आणि त्याच्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच. ते त्या बर्फात उभे केले तर टोकही दिसायचे नाही. जगातल्या सगळ्या बर्फाचा नव्वद टक्के भाग तिथेच आहे.

फरक लक्षात घ्या. तांब्यात तरंगणारा बर्फ वितळला तर तांब्या भरून वाहत नाही. पण बाहेरून बर्फ आणून टाकला तर वाहतो. तसेच उत्तरेचा तरंगता बर्फ वितळला तर त्यामुळे समुद्र फारसा चढत नाही. जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला तर चढतो. मुंबई आणि कोकणकिनाऱ्याला त्याचा धोका आहे. आपण घाटमाथ्यावर आहोत, आपल्याला समुद्राची भीती नाही. आपली भीती पावसाची.

पांढरे धोतर, काळी घोंगडी

उन्हात पांढरे धोतर आणि काळी घोंगडी शेजारी शेजारी वाळत घाला. तासाभराने हात लावून पाहा. घोंगडी तापलेली असेल, धोतर तितके नाही. पांढरा रंग ऊन परत फेकतो, काळा रंग पिऊन घेतो.

ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उन्हातला ८० ते ९० टक्के भाग परत आकाशात फेकतो. बर्फ वितळला की खालचा काळपट समुद्र उघडा पडतो. तो ९० टक्क्यांहून जास्त ऊन पिऊन घेतो. समुद्र तापला की आणखी बर्फ वितळतो. आणखी बर्फ वितळला की समुद्र आणखी तापतो. हे चक्र एकदा फिरू लागले की स्वतःच वेग घेते. म्हणून उत्तर ध्रुवाचा प्रदेश बाकीच्या जगाच्या तिप्पट-चौपट वेगाने तापतो आहे.

पण पहिली काडी कोणी लावली? कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत जो कर्बवायू साठला त्याने. हा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पूर्वी हा वायू किती होता याची साक्षही बर्फानेच दिली. अंटार्क्टिकावर दरवर्षी बर्फाचा थर पडतो आणि दबत जातो. दबताना त्या काळची हवा बारीक बुडबुड्यांत अडकून राहते. आपण विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या असे थर लागतात ना, तसेच तिथे बर्फाला भोक पाडून तीन किलोमीटर खालपर्यंतचा गाभा काढतात. सर्वांत खालचा थर आठ लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्या बुडबुड्यांतली हवा तपासली तेव्हा दिसले की, आठ लाख वर्षांत कर्बवायू हवेच्या दहा लाख भागांत ३०० भागांच्या वर कधी गेला नव्हता. आज तो ४२० च्या वर आहे. ही कुणाची अटकळ नाही. बर्फाच्या पोटात लिहून ठेवलेला हिशेब आहे.

बर्फ पाहून पावसाचा अंदाज : आपलीच जुनी रीत

बर्फाचा पावसाशी संबंध आहे हे आजच कळले असे नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे गेली. १८७५ साली भारतीय हवामान खाते नुकतेच सुरू झाले होते. त्याचे प्रमुख ब्लॅनफोर्ड यांना सरकारने विचारले, पाऊस कसा पडेल हे आधी सांगता येईल का? ब्लॅनफोर्ड साहेबांनी हिमालयातल्या बर्फाच्या नोंदी काढल्या. त्यांच्या ध्यानात आले की, हिमालयात उन्हाळ्याआधी बर्फ फार पडला तर पुढचा पाऊस बहुधा कमी पडतो. बर्फ जास्त, म्हणजे जमीन तापायला उशीर. जमीन तापली नाही तर समुद्रावरचे वारे ओढले जात नाहीत. या हिशेबावर १८८६ च्या जूनमध्ये देशाचा पहिला हंगामी अंदाज निघाला.

पुढे गिल्बर्ट वॉकर हे गृहस्थ १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख होते. एका बर्फावर अंदाज बसत नाही हे त्यांनी पाहिले. त्यांनी जगभरच्या हवामानाच्या नोंदी जुळवल्या. पॅसिफिक महासागराच्या एका बाजूचा हवेचा दाब चढला की दुसऱ्या बाजूचा उतरतो आणि त्याचा आपल्या पावसाशी संबंध असतो, हे त्यांनीच दाखवले. आज ज्याला आपण 'एल निनो' म्हणतो, त्याचे दुसरे अंग ते हेच.

यातून एकच गोष्ट ध्यानात घ्यायची. आपल्या खाचरात पडणारा पाऊस आपल्या आभाळात तयार होत नाही. त्याची जुळणी हजारो मैल दूर चालू असते. ती पाहायला कुणीतरी तिथे जाऊन बसावे लागते.

आपली माणसे बर्फावर

आता तुम्ही म्हणाल, तिथे जाऊन कोण बसले आहे? बसले आहेत, आणि आपलेच लोक आहेत.

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' नावाच्या जहाजातून २१ भारतीय निघाले. पुढारी होते समुद्रशास्त्रज्ञ डॉ. सय्यद झहूर कासीम. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरले. १९८३-८४ मध्ये आपले पहिले ठाणे 'दक्षिण गंगोत्री' तिथे उभे राहिले. त्याच मोहिमेत दोन बाया गेल्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. एक भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. पंत बाई जन्माने नागपूरच्या. पोरींना शिकवून काय करायचे असे अजून कुणी म्हणत असेल तर त्याला हे सांगा.

दक्षिण गंगोत्री हळूहळू बर्फाखाली गाडले गेले. १९९० मध्ये ते बंद झाले. तोवर खडकाळ जागेवर 'मैत्री' हे ठाणे उभे राहिले होते. २०१२ साली तिसरे ठाणे 'भारती' सुरू झाले. मैत्री आणि भारती ही दोन्ही आजही चालू आहेत. तिथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. तरी आपल्या हवामान खात्याची माणसे वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, तापमान यांची नोंद रोज ठरल्या वेळी घेतात. आपल्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणेही तिथे बसवलेली आहेत.

उत्तरेकडे नॉर्वे देशाच्या हद्दीत, ध्रुवापासून सुमारे १२०० किलोमीटरवर, २००८ साली आपले 'हिमाद्री' ठाणे सुरू झाले. तिथल्या खाडीत २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली उपकरणे सोडली. ती पाण्याचे तापमान आणि खारेपणा मोजतात. २०१६ साली हिमालयात, स्पिती भागात, चार हजार मीटरच्या वर 'हिमांश' हे ठाणे झाले. तिथे हिमनद्या मोजतात.

या सगळ्याचा कारभार गोव्यातून चालतो. वास्को शहरात, सडा भागात, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. १९९८ साली ते सुरू झाले, तेव्हा नाव थोडे वेगळे होते. २०१८ साली सध्याचे नाव मिळाले. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाचे हे केंद्र. तिथे बर्फाचे गाभे अतिथंड खोलीत ठेवतात व तपासतात.

एकट्याने हे काम होत नाही. अंटार्क्टिका कुणा एका देशाची नाही. १९५९ च्या करारानुसार ती शांततेसाठी आणि संशोधनासाठी राखलेली आहे. भारताने १९८३ साली त्या करारावर सही केली. सगळे देश नोंदी एकमेकांना देतात. गावच्या पाणीवाटपात प्रत्येकाने आपापली पाळी आणि मोजणी खरी सांगितली तरच पाट चालतो. तसेच हे आहे.

मोजणीचा उपयोग होतो का? होतो. १९८५ साली अंटार्क्टिकावर बसून वर्षानुवर्षे नोंदी घेणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जगाला सांगितले की, आकाशातला ओझोनचा थर तिथे विरळ होत आहे. कारण होते फ्रीज आणि फवाऱ्याच्या डब्यांतले काही वायू. १९८७ साली देशांनी करार केला, ते वायू टप्प्याटप्प्याने बंद केले. आता तो थर हळूहळू भरून येत आहे. म्हणजे नीट मोजले आणि वेळेवर ऐकले तर बिघडलेले सुधारते.

मग घोटीच्या पावसाशी नाते काय?

आता बाबांच्या प्रश्नावर येतो.

गोव्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला कारा नावाचा समुद्र आहे. त्यांना असे दिसले की, ज्या उन्हाळ्यात या समुद्रावर बर्फ कमी असतो, त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या मध्य भारतात अतिवृष्टी होण्याचा संभव वाढतो.

कसे? बैल बांधायचा लांब दोर घ्या. एक टोक गड्याने धरले आणि दुसरे टोक तुम्ही झटकले तर लाट दोरातून सरकत गड्याच्या हातापर्यंत जाते. बर्फ हटला, समुद्र उघडा पडला की वरच्या हवेला तसा झटका बसतो. युरोपवर हवेचा दाब वाढतो. तिथून उंचावरच्या वाऱ्यात लाट उठून ती आशियाकडे येते. इकडे आपल्या डोक्यावरची हवा वर उचलली जाते. त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असेल तर भरपूर बाष्प मिळते. मग दहा दिवसांचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो.

शास्त्रज्ञांनी स्वतःच याला 'संभाव्य संबंध' म्हटले आहे. तेव्हा दरवर्षी असेच होईल असे कुणी सांगत नाही. ध्रुव हा एक धागा आहे. एल निनो, अरबी समुद्राचे तापमान, हिमालयातला बर्फ हे बाकीचे धागे. सगळे मिळून दोर वळला जातो. २०१९ च्या वादळांना ध्रुवावरचा बर्फ कारण होता असेही मी म्हणत नाही. परंतु तापणारी हवा आणि तापणारा समुद्र या एकाच घरच्या भानगडी आहेत.

पुण्याला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासाने दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. गंमत अशी की, त्याच भागात हंगामाचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही. म्हणजे पाऊस तेवढाच किंवा कमी, पण पडण्याची तऱ्हा बिघडली. मध्ये खंड, मग एकदम धबधबा.

आपल्या इगतपुरी तालुक्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाऊस कमी पडला म्हणून आपले भात क्वचित जाते. ते जाते अवेळी पडला म्हणून. आवणीला हवा तेव्हा दडी मारतो आणि सोंगणीला नको तेव्हा येतो. दुखणे तिथे आहे, म्हणून इलाजही तिथेच करायचा.

ही माहिती आपल्या बांधावर कशी येते?

ध्रुवावरच्या, समुद्रावरच्या, उपग्रहाच्या नोंदी हवामान खात्याच्या संगणकांत जातात. पुण्याच्या शिवाजीनगरात हवामान खात्याचे जे कार्यालय आहे, त्याला जुने लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण १९२८ साली ते सिमल्याहून तिथे आले. तिथेच १९३२ साली शेतीसाठी वेगळा विभाग सुरू झाला. आज तो अंदाज कृषी विद्यापीठांकडे येतो. आपल्या भागासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे इगतपुरीला विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे. अंदाजाला पिकाचा सल्ला जोडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रक निघते. तेच आपल्या कार्यक्रमात वाचले जाते. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी 'मेघदूत' हे ॲप घ्यावे, त्यात आपल्या जिल्ह्याचा सल्ला मराठीत मिळतो. विजेच्या धोक्यासाठी 'दामिनी' घ्यावे. दोन्ही फुकट आहेत. आपल्याला जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सांगावे.

इशाऱ्याचे शब्द असे समजावेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर म्हणजे जोरदार, ११५.५ च्या वर म्हणजे अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे ताबडतोब हालचाल करा.

एक हिशेब पाठ करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी. १०० मिलिमीटर पडला तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटर. आपल्या बांधाची सांड तेवढे पाणी काढू शकते का, ते पावसाआधी पाहावे.

शेतात काय करावे

१. सगळे भात एका मुदतीचे लावू नका. इंद्रायणीला भाव चांगला, हे मान्य. पण ती साधारण १३५ ते १४० दिवसांची आहे. काही खाचरांत हळवे किंवा निमगरवे वाण ठेवा. एका पावसाने सगळे घर बुडू नये.

२. रोपे दोन टप्प्यांत टाका, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. पावसाने खंड दिला तर दुसऱ्या टप्प्याची रोपे कामी येतात. आवणीला २१ ते २५ दिवसांचे रोप चांगले.

३. जोरदार पावसाचा इशारा असेल तर युरिया फेकू नका. तो ओहोळाने वाहून जातो आणि पैसाही वाहून जातो. चार चुडांच्या मध्ये एक युरिया-डीएपी ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचा. ती चिखलात धरून राहते.

४. सोंगणीच्या आधी आठ-दहा दिवस खाचरातले पाणी काढा. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे व टणक झाले की भात तयार समजावे.

५. विळा हाती घेण्याआधी पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज ऐका. कोरडे दिवस सापडले तर वाट न पाहता सोंगणी उरका. इरजिकीने करा, सावड करा, पण उरका. पाऊस सांगितला असेल तर थोडे थांबा. उभे भात भिजून वारा लागला की सुकते. सोंगून आडवे पडलेले भात पाण्यात कुजते, मोडावते.

६. उभे भात वाऱ्याने लोळले तर आधी पाणी काढा आणि चार-सहा चूड एकत्र बांधून उभे करा.

७. सोंगलेले भात खाचरात ठेवू नका. उंच जागेवर आणून उडवे रचा, वर ताडपत्री टाका. चार घरांनी मिळून एक मोठी ताडपत्री घेतली तरी चालेल.

८. उतारावर नागली, वरई, खुरासणी सोडू नका. भाताला फटका बसला तर तीच घराला आधार देतात.

९. पीक विम्याचे नियम दरवर्षी बदलतात. हंगामाच्या सुरुवातीलाच गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून समजून घ्या. नुकसान झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

१०. घरी पावसाची वही ठेवा. उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून पाणी किती मिलिमीटर चढले ते लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खातेही पाऊस सकाळी साडेआठलाच मोजते. पाच वर्षांची वही झाली की तुमच्या शिवाराचे खरे पंचांग तुमच्याच हाती येईल.

शेवटी दोन शब्द

नक्षत्रांवर माझा राग नाही. आपल्या वाडवडिलांनी शेकडो वर्षे आभाळ पाहून ती माहिती जमवली. तीही मोजणीच होती. पण ज्या हवेवर ती बांधलेली होती ती हवाच आता बदलली. म्हणून पंचांग भिंतीवर राहू द्या, पण सोंगणीचा दिवस ठरवताना अंदाज आधी ऐका.

आणि हेही खरे की, हा बिघाड आपण केलेला नाही. बैलामागे चालणाऱ्या माणसाने ध्रुवाचा बर्फ वितळवला असे कुणी म्हणू नये. कोळसा आणि तेल ज्यांनी सर्वांत जास्त जाळले त्यांच्याकडे त्याचा मोठा हिशेब आहे. पण पाऊस काही हिशेब पाहून पडत नाही. तो आपल्या खाचरात पडतो. तेव्हा सावध आपणच राहायचे.

बाजारातल्या बाबांना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो होतो, "बाबा, रसवंतीवरचा बर्फ वितळला तर तुमचा रस कोमट होतो. ध्रुवावरचा वितळला तर तुमचा पाऊस चुकार होतो." बाबा म्हणाले, "मंग सोंगणीच्या आधी तुमाला ईचारूनच ईळा उचलतो."

मला विचारण्यापेक्षा मंगळवार-शुक्रवारचा सल्ला ऐका. त्या एका ओंजळीची आठवण असल्याने मीही आता तेच करतो.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, घोटी